वजन वाढणारा वाडगा

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका घरातली वरची खोली मला मिळाली ती एका अटीवर. पंखा दोन नंबरच्या पुढे न्यायचा नाही.

बँकेतली माझी ती पहिलीच लांबची बदली. चेन्नई म्हणजे दारात समुद्र, अशा समजुतीत मी सांगलीहून निघाले होते आणि पोचले आवडीला, जिथून समुद्र गाठायला लोकलने तासभर तरी लागतो. शाखेतल्या शिपायाने सांगितलं, की डिफेन्सच्या कारखान्यातून रिटायर झालेलं एक मराठी जोडपं आहे आणि त्यांची वरची खोली रिकामी आहे. गेले. काकूंनी दार उघडलं, माझं मराठी ऐकून हात धरून आत नेलं आणि विचारलं, "भाकरी खाऊन किती दिवस झाले?" तेवढ्यात परसातून एक गृहस्थ आले. भुवया, बनियन, हातावरचे केस, सगळं लाकडाच्या भुशाने माखलेलं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

"पंखा कितीवर लावतेस?" ते म्हणाले.

"पाचवर," मी म्हटलं. एप्रिल चालू होता.

"इथे दोन. माळ्यावर माल वाळतोय."

खोलीच्या तीन भिंतींना वर सिमेंटचा माळा होता आणि त्याच्यावर तमिळ वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गोल गोल वस्तू छतापर्यंत रचलेल्या होत्या. ते सगळे वाडगे होते. ओलं लाकूड लेथवर, म्हणजे फिरवून कातायच्या यंत्रावर लावून आधी जाडसर वाडगा कातायचा, मग तो कागदात गुंडाळून सात-आठ महिने सावलीत ठेवायचा. वाळताना तो वाकडातिकडा होतो. पुरता वाळला की पुन्हा लेथवर चढवून बारीक करायचा, की मग आयुष्यात वाकत नाही. मधल्या काळात मात्र त्याला वारा लागता कामा नये, नाहीतर तडकतो. हे सगळं काकांनी मला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. चेन्नईच्या उन्हाळ्यात माणूस तडकला तर काय, याबद्दल ते काही बोलले नाहीत. मी खोली घेतली, कारण काकूंनी तव्यावर भाकरी टाकली होती आणि मी पंधरा दिवस इडलीवर काढले होते.

मी त्यांना काका म्हणत असे. गल्लीतली सगळी तमिळ मंडळी त्यांना किण्णम तात्ता म्हणत. किण्णम म्हणजे वाडगा आणि तात्ता म्हणजे आजोबा.

लाकूड दिसलं की ते आधी बोटाच्या पेराने ठोकून बघत आणि मग वास घेत. कोणाचंही लाकूड असो. एकदा पेन्शनच्या दाखल्यासाठी आमच्या शाखेत आले, तर काउंटरवर टक् टक् करून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं "प्लाय" म्हटलं आणि आमच्या मॅनेजरकडे कणवेने पाहिलं. डोळे मिटून नुसत्या वासावर ते झाड ओळखत. फणस, चिंच, भेंड, आंबा. मी त्यांना फसवायला एकदा पेन्सिलीचं टोक करून त्याची साल नाकाशी धरली, तर त्यांनी झाड सांगितलंच, वर पेन्सिल दमट कपाटात होती हेही सांगितलं. ते खरं होतं.

त्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असे. "अजून बसलं नाही." लाकूड वाळून स्थिर झालं, हलायचं थांबलं, की ते बसलं. हे वाक्य ते कशालाही लावत. समोरच्या घरात नवी सून आली, तिचं सासूशी वाजलं, तर काका म्हणाले, "अजून बसलेली नाही. एक पावसाळा जाऊ दे." मी बदलीला कंटाळून रडवेली झाले तेव्हाही तेच. मी त्या घरात तीन वर्षं राहिले आणि मी कधी बसले, ते त्यांनी सांगितलं नाही.

मला तेव्हा सव्विसावं वर्ष होतं आणि दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवय होती. ती अजूनही गेलेली नाही. महिन्याभरातच मला एक प्रश्न पडला. ज्या माणसाला लाकडाचं एवढं वेड, त्याच्या घरात लाकडाचं म्हणावं असं एकही सामान का नाही? खुर्च्या प्लॅस्टिकच्या, कपाट लोखंडी, खाट लोखंडी. टीव्ही ज्या खोक्यातून आला होता त्याच खोक्यावर ठेवलेला. चपला दाराशी ढिगाने. व्हरांड्यात मात्र ताडपत्रीखाली सागवानाच्या पाच जाड फळ्या. जुनं घर पाडताना निघालेलं बर्मा टीक, काकांनी रिटायर झाल्या झाल्या आणलेलं. त्याचं जेवणाचं टेबल होणार होतं.

"कधी होणार?" मी काकूंना विचारलं.

"सागवान अजून बसलं नाही," काकू काकांच्या आवाजात म्हणाल्या. "ऐंशी वर्षं कुणाच्या तरी छपरात होतं. तिथे बसलं नाही, ते आमच्या व्हरांड्यात कसलं बसतंय."

टेबलाची गोष्ट काकूंनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. काका तेहतीस वर्षं कारखान्यात टर्नर. सकाळची पाळी, दुपारची पाळी, रात्रपाळी. मुलगी शाळेतून येऊन जेवायची तेव्हा हे झोपलेले, हे जेवायचे तेव्हा काकू भांडी घासत असायच्या. मुलगी लग्न होऊन साताऱ्याला गेली, तरी पाळ्या चालूच. सणवार सोडला तर दोघं समोरासमोर बसून जेवलेत असं त्यांना आठवत नव्हतं. रिटायर झाल्यावर तेवढं एक करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. त्यात काकूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं.

"दोन माणसांचं टेबल मागितलं," काकू म्हणाल्या. "मला काय पंगत वाढायचीय? तर हे म्हणाले, लगेच करतो. लेथ आणला. परसातला कडुनिंब भिंतीला लागला म्हणून पाडला होता, त्याचा पहिला वाडगा केला आणि माझ्यापुढे धरून उभे. मी म्हटलं, टेबल कुठंय? म्हणाले, हा सराव. मी म्हटलं, मग सराव संपू दे. टेबल येईल त्या दिवशी त्याच्यावर तुमचा वाडगा मांडीन. तोवर माझ्या स्वयंपाकघरात तुमचं लाकूड नको."

आणि हे त्यांनी पाळलं होतं. घरात तीनेकशे वाडगे, पण मीठ प्लॅस्टिकच्या डब्यात आणि कोशिंबीर स्टीलच्या वाटीत. तो पहिला, कडुनिंबाचा वाडगा पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या डोक्यावर ठेवलेला होता. बाकी गल्लीत त्यांच्या वाडग्यांशिवाय पान हलत नसे. कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळात विभूती त्यांच्या वाडग्यात, रिक्षा स्टँडवर सुट्टी नाणी त्यांच्या वाडग्यात, इडलीवाल्या अम्माची पोडी, म्हणजे कोरडी चटणी, त्यांच्या वाडग्यात. ते कुणाकडून काही घेत नसत. फक्त जाता-येता डोकावून आपला वाडगा कसा आहे ते बघत. दिलेल्या मुलीची चौकशी करावी तसं.

काकूंचं जेवण असं चाले. बारा वाजता काकांचं ताट त्या परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन देत. काका लेथ बंद न करता उभ्याउभ्या चार घास खात, मग लेथ बंद करून चार, मग पुन्हा चालू करून. मग काकू आत येऊन, डॉक्टरांना न जुमानता, स्वयंपाकघरात पाटावर बसत. प्लॅस्टिकच्या खुर्चीत मांडीवर ताट घेऊन जेवायला त्या तयार नव्हत्या. "मी काय प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघतेय?" असं त्या म्हणत. जेवून झालं की फ्रिजचं हँडल धरून, तोंड वेडंवाकडं करत उठत. पाट ठेवायची जागा ठरलेली होती. परसाच्या दाराकडे तोंड करून. तिथून काकांची पाठ दिसे. एकदा रविवारी मी त्यांच्याबरोबर खाली बसले तेव्हा मला ते कळलं आणि मला काकांचा मनापासून राग आला.

त्या रागात मी शेडमध्ये गेले आणि विचारलं, की तुम्हाला टेबल करायचं नाहीये का. काकांनी लेथ बंद केला. त्यांच्याकडे लेथ बंद होणं म्हणजे गंभीर गोष्ट.

"तेहतीस वर्षं लोखंडाचे जॉब काढले," ते म्हणाले. "ड्रॉइंग यायचं, त्याप्रमाणे काढायचा. केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक चालायचा नाही. तो कशात बसणार, कुठे जाणार, कुणी सांगत नव्हतं, आपणही विचारायचं नाही. संध्याकाळी गेटवर खिसे तपासून घरी. मी केलेली एकही वस्तू मला नंतर कधी भेटली नाही, कळलं का? आता इडलीवालीकडे जातो, तर माझा वाडगा समोर असतो. त्याला ड्रॉइंग नाही. तो फिरायला लागला की त्याचा त्यालाच आकार सुचतो."

मला हे उत्तर फार आवडलं. दोन दिवस मी त्याच्यावरच होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की यात टेबलाबद्दल एक अक्षर नाही.

नोव्हेंबरात वादळी पाऊस झाला आणि स्टेशनच्या रस्त्यावरचं एक प्रचंड झाड आडवं झालं. तिथे त्याला तूंगुमूंजी म्हणतात, झोपाळू तोंडाचं, कारण संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात. वीज गेलेली, रस्ता बंद, माणसं दुधासाठी धावताहेत. काका मोपेडवर करवत बांधून, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून निघाले. मी बँकेत चालत निघाले होते, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. पालिकेची माणसं खोडाचे तुकडे लॉरीत फेकत होती आणि काका त्यातला एकेक तुकडा ठोकून, हुंगून बाजूला काढत होते.

"वेण्डा सार, इदु विरगु," एक जण त्यांना समजावत होता. नको साहेब, हे सरपण आहे.

"विरगु इल्लप्पा, किण्णम," काका म्हणाले. सरपण नाही बाबा, वाडगा आहे.

त्या माणसाने ओंडक्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि मग त्याने आणि आणखी दोघांनी ते ओंडके लॉरीतूनच घरापर्यंत आणून दिले. न्हाणीघरात सहा ओंडके रचल्यावर काकूंना आंघोळीला जागा उरली नाही. काकू त्या दिवशी दिवसभर गप्प होत्या. काकांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

पंख्याची अट मी मोडली ती मे महिन्यात. तिकडे त्या दिवसांना कत्तिरी म्हणतात. हवा तव्यावरून आल्यासारखी लागते. रविवारची दुपार होती, उशी घामाने भिजलेली. मी उठले आणि पंखा पाचवर केला. इतकं सुख झालं की डोळा लागला. तासाभराने डोक्यावर टक् असा आवाज झाला. मी दोनवर आणून श्वास रोखून पडून राहिले, पण काका जिना चढून आले होते. त्यांनी नेमका तोच वाडगा काढला, कागद सोडला. कडेपासून निम्म्यापर्यंत चीर गेली होती. ते रागावले नाहीत. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी वाडग्याच्या बुडाला लिहिलं, "पंखा नं. ५", आणि तो माझ्या हातात दिला. तो आज माझ्या टेबलावर आहे, त्यात किल्ल्या असतात.

आता वजनाची गोष्ट. वाडगा वाळला हे ओळखायचं कसं, तर वजन करून. ओल्या लाकडातलं पाणी उडतं तसं वजन उतरत जातं. उतरायचं थांबलं की बसलं. यासाठी काकांनी जुन्या बाजारातून सोनाराचा काटा आणला होता. दर रविवारी नाश्ता झाला की ते माळ्यावरचा माल खाली काढत, एकेक वाडगा तोलत आणि वहीत ग्रॅमचे आकडे लिहीत. मी सुट्टीची म्हणून मला लिहायला बसवत. शेवटी नेमाने कपाटावरचा कडुनिंबाचा वाडगा उतरवून तोलत. तो सहा वर्षांपूर्वीच वाळून पुरा झालेला. त्याला तोलायचं कारण नव्हतं, पण पहिला म्हणून मान.

आणि त्या वाडग्याचं वजन वाढत होतं.

मी मागची पानं चाळली. चारशे बारा ग्रॅमपासून सुरुवात होती, आता चारशे एकतीस. एकदम नाही, महिन्याला पाव ग्रॅम, कधी जरा जास्त. "वाळलेलं लाकूड वजन धरत नाही," काका म्हणाले. "तेहतीस वर्षं मोजमापात काढलीत मी. काटा चुकत नाही. हे काय आहे?" वहीत त्या आकड्यांसमोर त्यांनी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या शंका लिहिल्या होत्या. "समुद्राची हवा?" "कडुनिंबाचा गुण?" "छपराखालची ओल?" बाकीचे वाडगे त्याच हवेत, त्याच छपराखाली मुकाट्याने हलके होत होते. शिवाय तो नुसता जड होत नव्हता, त्याला तकाकी होती. बाकीच्यांना काका वर्षातून दोनदा तेल पुसत, नाहीतर ते भुरकट होत. याला त्यांनी एकदाच, पहिल्या दिवशी पुसलं होतं. "कडुनिंब म्हणजे कडुनिंब," ते येईल त्याला तो दाखवत आणि सांगत. "सहा वर्षं कोणी हात लावला नाही, बघा."

मलाही तो नाद लागला. मी ऑफिसात तमिळ सहकाऱ्यांना विचारलं, एकाच्या कॉलेजात शिकवणाऱ्या भावालाही विचारायला लावलं. त्याने हवेतल्या बाष्पाबद्दल बरंच सांगितलं.

उत्तर मिळालं ते एका शनिवारी दुपारी. मी विरजण मागायला खाली आले. काकू केस मोकळे सोडून पुढच्या खोलीत बसल्या होत्या. दर शनिवारी त्या घरी उकळलेलं माक्याचं तेल लावत. तेल लावून झालं, त्यांनी केसांची गाठ मारली. हाताला राहिलेलं तेल आपण पायांना पुसतो, कोपरांना पुसतो. काकू उठल्या, कपाटावरचा वाडगा उतरवला आणि दोन्ही तळवे त्याच्यावर आतून-बाहेरून सावकाश फिरवले. परसात लेथ चालू होता. मग त्यांनी तो पदराने पुसून जागेवर ठेवला, वळल्या, आणि मी दारात.

"सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

"पण का?"

"वाळून जाईल ना तो," काकू म्हणाल्या. "टेबल आल्यावर मांडायचा आहे."

पुढचं वर्षभर दर रविवारी वहीत आकडा लिहिताना मी काय तोंड करून बसत असे, ते माझं मला माहीत. काका समुद्राच्या हवेबद्दल बोलत, काकू कॉफी आणून ठेवत आणि म्हणत, "असेल बाई, आपल्याला काय कळतंय."

मग दिवाळीच्या आधी काकू पडल्या. जेवून उठताना फ्रिजचं हँडल धरलं, फ्रिजचं दार उघडलं आणि त्या परत खाली आल्या त्या उजव्या हातावर. मनगट मोडलं. काकांनी शेडमधून बघितलं नाही, लेथ चालू होता. शेजारच्या अम्मा ओरडत आल्या तेव्हा त्यांना कळलं. मी बँकेतून पोचले तर दवाखान्याच्या बाकावर काका तसेच भुशाने माखलेले बसले होते आणि हातात काकूंची चप्पल धरली होती.

सहा आठवडे प्लॅस्टर. काका शेडमध्ये जाईनासे झाले. दिवसभर काकूंजवळ बसत, त्यांना मधूनमधून पाणी विचारत. स्वयंपाक सकाळी मी करून जाई. दुपारी काका वाढून घेत, तिथेच पाटावर बसून, कारण ताट ठेवायला दुसरी जागा नव्हती. पहिल्या दिवशी ते बसले, परसाच्या दाराकडे त्यांचं तोंड झालं, आणि ते बराच वेळ तिथून दिसणाऱ्या रिकाम्या शेडकडे बघत राहिले. काकूंनी मला हे संध्याकाळी सांगितलं. काय वाटलं असेल गं त्यांना, असं विचारलं.

शनिवारी काकूंच्या डोक्याला तेल मी लावी. काकू डोळ्यांनी कपाटाकडे खूण करत, पण काका समोर बसलेले. काही करता येत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात शनिवारचं तेल राहून गेलं, म्हणून रविवारी मी काकूंच्या केसांना तेल लावत होते आणि काका एकटेच तोलत होते. कडुनिंबाचा वाडगा त्यांनी काट्यावर ठेवला. मग उजेडात धरला. त्याची तकाकी गेली होती, कडेला भुरकट दिसत होतं. "वाढला नाही," ते म्हणाले. "पाच आठवडे वाढलाच नाही." त्यांनी अंगठा आतून फिरवला आणि मग, सात वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, तो नाकाशी नेला. आपल्या हातच्या वाडग्याचा वास घ्यायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्याचं लाकूड त्यांना माहीत होतं.

त्यांनी दोनदा वास घेतला. मग काकूंच्या केसांकडे बघितलं. माझ्या हातातल्या तेलाच्या वाटीकडे बघितलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, त्यांना यातलं काही दिसलं नाही. काकांनी वहीची जुनी पानं उलटली, "समुद्राची हवा?" वर एक रेघ मारली, "कडुनिंबाचा गुण?" वर एक, आणि "छपराखालची ओल?" वर एक. खरं कारण त्यांनी लिहिलं नाही. वाडगा जागेवर ठेवला आणि परसात गेले.

लेथचा आवाज आला नाही. मी चहा घेऊन गेले, तर व्हरांड्यातल्या पाचही फळ्या शेडमध्ये आल्या होत्या आणि काका त्यांच्यापुढे स्टुलावर बसले होते.

"काका, एवढी वर्षं का नाही केलंत?" मी विचारलं. या वेळी राग नव्हता, मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्यांनी एका फळीवरून तळवा फिरवला. मग म्हणाले, "मला सपाट येत नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"मी टर्नर. जन्मभर गोल केलं. रंधा, सांधे, काटकोन, ते सुताराचं काम. लेथ आणला त्याच्या आधी मी एक फळी रंधून बघितली होती, हिला न दाखवता. पाण्याच्या लाटेसारखी झाली. ही कारखान्याच्या सगळ्या क्वार्टर्समध्ये सांगत असायची, आमच्या ह्यांच्या हाताला केसाचा फरक चालत नाही म्हणून. तिच्यासमोर डुगडुगणारं टेबल कसं आणून ठेवू? म्हटलं वाडगे करू, हात बसेल. हात वाडग्यावरच बसला."

सात वर्षं लाकूड बसलेलंच होतं. हा माणूस भीत होता, आणि एवढं तिला सांगायलाही भीत होता. मला त्यांच्यावर चिडावं की त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा, कळेना.

"मग गोल करा ना," मी म्हटलं.

हे मी आधी का बोलले नाही, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं.

फळ्यांच्या कडा त्यांनी वखारीतल्या मशीनवर सरळ करून आणल्या, जोडून चिकटवल्या. त्यातून अडीच फुटी चकती कापून ती कातून सपाट करायला लेथच्या बाहेरच्या बाजूला बसवली. ती फिरायला लागली तेव्हा शेडचा पत्रा थरथरत होता आणि शेजारच्या अम्मांनी आपली कोंबडी आत घेतली. पाय कातीव, चार, एकसारखे, त्यात ते बादशहा होते. आठवडाभर आंघोळ आणि जेवण सोडून ते तिथेच. काकू आतून विचारत, "आता कसला वाडगा चाललाय?" काका म्हणत, "मोठा आहे जरा."

प्लॅस्टर निघालं त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून आलो तर स्वयंपाकघरात टेबल. त्याच्या दोन बाजूंना दोन स्टुलं. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग आमटी-भात मी वाढला, ती दोघं बसली, मी ताट घेऊन ओट्याला टेकले.

आमटी ताटात टेबलाच्या मध्याकडच्या बाजूला जमायला लागली. काकूंची त्यांच्यापासून लांब, काकांची काकांपासून लांब. काकूंनी ताट फिरवून बघितलं, तरी तेच. टेबलाला मध्यभागी खळगा होता. सवयीचा हात. लाकूड फिरायला लागलं आणि तो आत गेला.

काकांनी पट्टी आणली, आडवी धरून खालची फट बघितली. चेहरा पडला. "पाव इंच," ते म्हणाले. केसाचा फरक न चालणारा माणूस. "उद्या काढून सपाट करतो. दोन दिवसांत देतो."

"हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "हे आता या दारातून बाहेर गेलं तर मी मेल्यावर येईल."

"अगं, पण वाकडं आहे."

"असू दे. बसा."

काका बसले. काकू उठल्या. टेबलाच्या कडेवर डावा हात टेकून, सरळ, तोंड वाकडं न करता. पुढच्या खोलीत गेल्या, कपाटावरून कडुनिंबाचा वाडगा घेऊन आल्या. त्याची तकाकी परत आलेली होती. तो आठवडा काका शेडमध्ये होते, तेव्हा तेवढं काम मी उरकलं होतं. काकूंनी त्यात शेंगदाण्याची चटणी घातली आणि तो टेबलाच्या मध्यावर ठेवला. त्या खळग्यात तो बरोबर मावला.

काकांनी वाडग्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. बोट नाकाकडे नेलं नाही.

"सात वर्षं याला कोणी हात लावला नाही," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तरी बघ."

"लाकूड चांगलं आहे," काकू म्हणाल्या.

"कडुनिंब आहे तो," काका म्हणाले.

"चटणी घ्या," काकू म्हणाल्या, आणि दोघं जेवायला लागले.